मूलोद्योग शिक्षण

मूलोद्योग शिक्षण (अन्य नावे : बुनियादी शिक्षण, नई तालीम, वर्धा शिक्षण योजना, जीवनशिक्षण) ही प्राथमिक शिक्षणाची एक पद्धती आहे. एखादा उत्पादक हस्तोद्योग केंद्रस्थानी ठेवून त्याच्या द्वारे भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे इत्यादी विषय शिकविणे हे तिचे मुख्य सूत्र होय. महात्मा गांधी यांनी १९३७ साली ही कल्पना मांडली आणि त्याच वर्षी वर्धा येथे भरलेल्या परिषदेत तिला योजनेचे रूप मिळाले. वर्ध्याजवळील सेवाग्राम हे तिचे प्रयोगस्थान होते. नेहमीच्या अभ्यासक्रमात हस्तकलेचा एक तास वाढविणे किंवा मुलांना लहान वयात धंदेशिक्षण देणे असा या पद्धतीचा अर्थ अनेकदा लावला जातो. मूळ योजनेला हे दोन्ही अर्थ अभिप्रेत नव्हते. हाताचे काम आणि पुस्तकी अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी राहू नयेत, कामातूनच अभ्यास उभा राहावा, असा तिचा आग्रह होता. महाराष्ट्रातील शाळांमधील कार्यानुभव, परिसर अभ्यास, प्रकल्प व परसबाग या आजच्या गोष्टींची मुळे बऱ्याच अंशी या प्रयोगात सापडतात. बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यासारख्या शेतीप्रधान भागांतील जिल्हा परिषद शाळांतही हे उपक्रम चालतात.

नावे

‘बुनियाद’ म्हणजे पाया. इंग्रजीतील ‘बेसिक एज्युकेशन’ या संज्ञेसाठी हिंदीत ‘बुनियादी तालीम’ हा शब्द रूढ झाला, तर मराठीत ‘मूलोद्योग’ व ‘जीवनशिक्षण’ ही नावे चालली. जुन्या मुंबई राज्यात या धर्तीवर चालविल्या जाणाऱ्या शाळांना ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ म्हणत. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक जिल्हा परिषद शाळांच्या फलकांवर हे नाव अजूनही वाचावयास मिळते. या शाळांतील टकळ्या आणि चरखे बंद पडून अनेक दशके लोटली असली, तरी नाव तेवढे टिकून आहे.

पार्श्वभूमी

कृतीतून शिकण्याची कल्पना गांधींच्या आधीची आहे. युरोपात पेस्टालॉझी व फ्रोबेल यांनी आणि अमेरिकेत जॉन ड्यूई यांनी मुलाच्या हालचालीला व अनुभवाला शिक्षणात स्थान दिले होते. भारतातही रवींद्रनाथ ठाकूर यांच्या शांतिनिकेतन व श्रीनिकेतन येथील प्रयोगांत हस्तोद्योग व ग्रामजीवन यांचा समावेश होता. गांधींचे विचार मात्र प्रामुख्याने त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून घडले.

दक्षिण आफ्रिकेत १९०४ साली स्थापन झालेली फिनिक्स वसाहत आणि १९१० साली सुरू झालेला टॉलस्टॉय फार्म येथे त्यांनी सहकाऱ्यांची मुले शिकविली. टॉलस्टॉय फार्मवर मुले सकाळी शेतात व घरकामात राबत. काही मुले सुतारकाम व चपला तयार करण्याचे काम शिकत. अक्षरओळखीचे व इतर विषयांचे वर्ग दुपारच्या जेवणानंतर भरत. शारीरिक श्रमांमुळे विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही या वर्गांत डुलक्या येत, असे गांधींनी आपल्या आठवणींत नोंदविले आहे. पुढच्या योजनेच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. टॉलस्टॉय फार्मवर काम होते आणि अभ्यासही होता, परंतु ते एकापुढे एक ठेवलेले होते. कामालाच अभ्यासाचे माध्यम करण्याचा विचार त्यानंतरचा आहे.

१९३७ साली प्रांतिक स्वायत्ततेखाली अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली. सर्वांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे आश्वासन त्यांच्यासमोर होते, पण प्रांतांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा दारूवरील करातून येत असे. दारूबंदी करावयाची तर शिक्षणासाठी पैसा उरत नाही, असा हा पेच होता. गांधींनी जुलै १९३७ मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकात लेख लिहून त्यावर आपला मार्ग सुचविला. केवळ साक्षरता हे शिक्षण नव्हे, मुलाचे शिक्षण उपयुक्त हस्तोद्योगापासून सुरू व्हावे आणि मुलांनी तयार केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च बव्हंशी निघावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. शैक्षणिक आणि आर्थिक अशा दोन युक्तिवादांची ही गाठ पुढे योजनेला सर्वांत महाग पडली.

वर्धा परिषद व झाकीर हुसेन समिती

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथील मारवाडी विद्यालयात गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. काँग्रेसशासित प्रांतांचे शिक्षणमंत्री आणि शिक्षणक्षेत्रातील कार्यकर्ते तिला उपस्थित होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून अध्यापन, मुलाच्या परिसराशी जुळणारा उत्पादक हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू आणि शिक्षकांचा पगार कालांतराने त्या उद्योगातून निघण्याची अपेक्षा असे चार ठराव परिषदेने केले.

अभ्यासक्रम तयार करण्यासाठी जामिया मिलिया इस्लामिया या संस्थेचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. जी. सैयदैन, के. टी. शाह, आशादेवी व ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे तिचे सदस्य होते. समितीने आपला अहवाल २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे परिषदेनंतर अवघ्या सहा आठवड्यांत, सादर केला. फेब्रुवारी १९३८ मधील हरिपुरा काँग्रेसने योजनेला मान्यता दिली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिच्या अंमलबजावणीसाठी हिंदुस्तानी तालीमी संघाची स्थापना झाली. झाकीर हुसेन संघाचे अध्यक्ष व आर्यनायकम् सचिव होते.

समितीने सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी सूतकताई व विणकाम, सुतारकाम, शेती, फळे व भाजीपाल्याची बागायत, चामड्याचे काम असे मूलोद्योग सुचविले. स्थानिक परिस्थितीला अनुकूल असा अन्य उद्योग निवडण्याची मुभाही होती. उद्योगाची निवड करताना त्यात शैक्षणिक शक्यता पुरेशा आहेत की नाहीत, हा निकष समितीने आवर्जून सांगितला. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा आणि वर्षाचे कामाचे दिवस २८८ धरलेले होते. दिवसाची विभागणी पुढीलप्रमाणे होती : मूलोद्योग ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला व अंकगणित ४० मिनिटे, मातृभाषा ४० मिनिटे, सामाजिक शास्त्रे व सामान्य विज्ञान ३० मिनिटे, शारीरिक शिक्षण १० मिनिटे आणि मधली सुट्टी १० मिनिटे. सात वर्षांच्या शेवटी इंग्रजी वगळता साधारणपणे मॅट्रिकच्या तोडीची पात्रता यावी, अशी अपेक्षा होती.

हे वेळापत्रक पाहून दिवसाचा साठ टक्के वेळ चरख्याला दिला, मग शिकायचे केव्हा, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. योजनेच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर असे होते की, तीन तास वीस मिनिटांचा हा काळ केवळ कामाचा नाही. अंकगणित, विज्ञान, भूगोल व भाषा यांचा मोठा भाग त्यातच शिकवायचा आहे. हे उत्तर कितपत खरे ठरते, यावर संपूर्ण योजनेचे यश अवलंबून होते.

समवाय

काम आणि विषय यांच्या या जोडणीला मराठी शिक्षणविचारात ‘समवाय’ म्हणतात. शब्द भारतीय दर्शनातील आहे. न्याय-वैशेषिक परंपरेत दोन वस्तू सहज वेगळ्या करता येतात तेव्हा त्यांच्यात ‘संयोग’ असतो आणि त्या वेगळ्या करता येत नाहीत तेव्हा ‘समवाय’ असतो. त्याचे परंपरागत उदाहरण म्हणजे तंतू आणि पट : सूत काढून घेतले तर कापड उरत नाही. चरख्याभोवती उभ्या राहिलेल्या शिक्षणपद्धतीला याहून नेमका शब्द मिळणे अवघड होते. विनोबा भावे यांच्या शिक्षणविषयक लेखनात या कल्पनेची मांडणी आढळते.

कापूस व सूत यांचे उदाहरण घेतल्यास समवायाची पद्धत स्पष्ट होते. पहिल्या वर्गातील मूल टकळीवर सूत काते. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी असे सुताचे माप असे. सूत गुंडाळताना मूल मोजावयास शिके. सोबत्याचे आणि आपले तार एकत्र करताना बेरीज, गुंडी पूर्ण होण्यास किती तार कमी आहेत हे पाहताना वजाबाकी आणि तारांची फुटांत लांबी काढताना गुणाकार येई. एका गुंडीची लांबी २,५६० फूट. तिचे वार करावयाचे तर तिनाने भागावे लागते आणि उत्तर ८५३ पूर्णांक एक तृतीयांश येते. अपूर्णांक येथे फळ्यावरून येत नाही, मुलाच्या हातातील सुतातून येतो.

पुढच्या वर्गांत सुताचा नंबर येई. एका पौंडात ८४० वार लांबीच्या जितक्या गुंड्या मावतात, तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरचे एक पौंड सूत १६,८०० वार, म्हणजे साडेनऊ मैलांहून थोडे अधिक, भरते. सूत जितके बारीक, तितका नंबर मोठा आणि तेवढ्याच लांबीचे वजन कमी, या संबंधातून व्यस्त प्रमाण समजावून देता येई. दररोजच्या कताईची नोंदवही, वाया गेलेल्या कापसाचे शेकडा प्रमाण, वेगाची सरासरी व तिचा आलेख, कापूस ते कापड या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर वाढत जाणारी किंमत ही सर्व उदाहरणे मुलांनी स्वतः तयार केलेल्या आकड्यांवर सोडविली जात.

विज्ञानासाठी कापसाचे झाड, त्याचे मूळ, फूल व बोंड, सरकीतील तेल, काळ्या जमिनीची ओल धरून ठेवण्याची शक्ती, पावसाळी हवेत आणि कोरड्या उन्हाळ्यात धाग्याच्या तुटण्यात पडणारा फरक असे विषय मिळत. भूगोलात कापसाचे पट्टे, जिनिंग, रेल्वे व बाजारपेठा येत. इतिहासात हिंदुस्थानी कापडाचा जुना व्यापार, ईस्ट इंडिया कंपनी, मँचेस्टरच्या गिरण्या आणि स्वदेशीची चळवळ. वऱ्हाडातील मुलाला यातील बराचसा भाग परका नव्हता. पऱ्हाटी घरच्या शेतात असे आणि वेचणीच्या दिवसांत शाळेची हजेरी तिच्यामुळेच कमी होई.

समवायाची मर्यादाही योजनाकारांना ठाऊक होती. प्रत्येक धडा टकळीलाच बांधण्याचा हट्ट धरला की, पद्धती हास्यास्पद होते. म्हणून मूलोद्योगाबरोबरच निसर्ग आणि समाज ही समवायाची आणखी दोन केंद्रे मानण्यात आली. गावातील सण, बाजार, पाऊस, साथीचे रोग यांतूनही विषय घ्यावेत असे सुचविले गेले. झाकीर समितीच्या अहवालातही ओढूनताणून जोडणी करू नये असाच सूर आहे. प्रत्यक्षात मात्र शिक्षकांच्या टाचणवह्यांत अशा ओढाताणीची उदाहरणे पुष्कळ निघाली आणि योजनेची थट्टा करणाऱ्यांनी तीच उचलली.

सेवाग्राम येथील शाळा

गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. या गावाचे टपाल बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला, म्हणजे गजानन महाराजांच्या शेगावला, जाऊ लागल्याने १९४० साली त्याचे नाव सेवाग्राम असे करण्यात आले. हिंदुस्तानी तालीमी संघाचे मुख्य ठाणे येथेच होते. आर्यनायकम् हे मूळचे सिलोनमधील, आशादेवी बंगाली. दोघांनीही यापूर्वी शांतिनिकेतनात काम केले होते. पुढे चित्रकार देवी प्रसाद व इंग्लंडमधून आलेल्या मार्जोरी साइक्स यांनीही येथे अध्यापन केले. देवी प्रसाद यांनी सेवाग्राममधील मुलांच्या चित्रांवरील अनुभवातून कलाशिक्षणावर ग्रंथ लिहिला, तर साइक्स यांनी नई तालीमची हकीकत पुस्तकरूपाने लिहून ठेवली.

शाळेचा दिवस सफाईने सुरू होई. स्वयंपाकघर, भाजीची बाग, कताई व विणाई ही कामे मुले आणि शिक्षक मिळून करीत. स्वयंपाकाचे काम सेवाग्रामच्या प्रयोगात विशेष महत्त्वाचे ठरले. धान्याची मोजदाद, माणशी लागणारा शिधा, आहारातील घटक, खर्चाचा ताळा आणि सर्वांनी एका पंक्तीत जेवणे एवढे सर्व त्यात होते. विदर्भातील खेड्यात १९४० च्या आसपास सर्व जातींच्या मुलांनी एका चुलीवर शिजविलेले अन्न एकत्र खाणे ही गोष्ट अभ्यासक्रमातील कोणत्याही धड्याहून लहान नव्हती. संडास-सफाईचे कामही याच कारणाने शाळेच्या दिनक्रमात होते.

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात कार्यकर्त्यांना अटक झाल्याने कामात खंड पडला. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यानंतर गांधींनी योजनेची व्याप्ती वाढविली. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे झालेल्या परिषदेत पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी व प्रौढशिक्षण असे चार टप्पे ठरले आणि ‘नई तालीम’ हे नाव जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या शिक्षणाला लावण्यात आले.

मध्यप्रांत व वऱ्हाड

वर्धा व बुलढाणा हे दोन्ही जिल्हे त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते. प्रांताचे शिक्षणमंत्री व पुढे मुख्यमंत्री झालेले रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्या मंदिर’ योजना मांडली. शाळा नसलेल्या खेड्यांत दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, अशी ती कल्पना होती. वर्ध्याच्या अभ्यासक्रमाशी तिची सांगड घालण्यात आली आणि एप्रिल १९३८ मध्ये वर्धा येथे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली. ‘मंदिर’ या शब्दाला मुस्लिम लीगने तीव्र आक्षेप घेतला. शाळेच्या नावावरून पेटलेला हा वाद इतका वाढला की, योजनेच्या शैक्षणिक बाजूची चर्चा मागे पडली. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर योजनेचा सरकारी आधार गेला.

मुंबई प्रांतात मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांनी योजनेला पाठबळ दिले. बुनियादी शिक्षणाची पहिली परिषद ऑक्टोबर १९३९ मध्ये पुण्यात भरली. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने योजनेच्या विचारार्थ नेमलेल्या समित्यांचे अध्यक्षपदही खेर यांच्याकडेच होते. प्रांताबाहेर बिहारमधील चंपारण जिल्ह्यातला प्रयोग विशेष चिकाटीचा ठरला.

आक्षेप

सर्वांत मोठा आक्षेप स्वावलंबनाच्या कलमावर होता. मुलांच्या कमाईवर शिक्षकाचा पगार अवलंबून ठेवला की, शिक्षक मुलांकडून शिकण्याऐवजी उत्पादन करून घेईल आणि शाळेचे कारखान्यात रूपांतर होईल, ही भीती परिषदेतच व्यक्त झाली. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी तर शाळांचा माल बाजारात आल्यास गावच्या कारागिरांशी स्पर्धा होईल, हा मुद्दाही मांडला. झाकीर हुसेन यांनाही आर्थिक बाजूवर अतिरिक्त भर देण्यातील धोका जाणवत होता. १९४४ च्या सार्जंट अहवालाने कृतीतून शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले, पण मुलांच्या उत्पादनातून शिक्षणाचा खर्च काढण्याचे तत्त्व नाकारले. स्वतंत्र भारताच्या धोरणातही ते कलम व्यवहारात उरले नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा होता आणि तो अहवालांत कमी, गावागावांत अधिक ऐकू येई. शेतकऱ्याला आणि कारागिराला आपल्या मुलाने आपलेच काम शाळेत जाऊन शिकावे, याचे आकर्षण नव्हते. शाळा म्हणजे त्या कामातून सुटण्याची वाट, असे त्याला वाटे. अभ्यासक्रमात इंग्रजी नव्हते आणि कचेरीतील नोकरीसाठी इंग्रजी लागे. शहरांतील साध्या शाळा तशाच चालू राहिल्या आणि बुनियादी शाळा खेड्यांच्या वाट्याला आल्या, त्यामुळे गरिबांसाठी वेगळे व दुय्यम शिक्षण अशी तिची प्रतिमा झाली. हा आक्षेप अज्ञानमूलक म्हणून उडवून लावणे योग्य होणार नाही. ज्या समाजात श्रम जातीने वाटून दिलेले होते, तेथे श्रमाच्या शिक्षणाबद्दल सर्वांत तळच्या माणसाला शंका यावी, हे स्वाभाविक होते.

याच मुद्द्याची दुसरी बाजू शिक्षणतज्ज्ञ कृष्ण कुमार यांनी दाखविली आहे. विणकाम, चर्मकाम, कुंभारकाम यांचे ज्ञान ज्या जातींकडे होते, त्यांना शाळेच्या ज्ञानात स्थान नव्हते. ते ज्ञान सर्वांच्या अभ्यासक्रमात आणणे म्हणजे शाळेत काय शिकण्याजोगे मानावे याची जुनी उतरंड बदलणे होते. योजना सर्व मुलांसाठी सारखी राबविली गेली असती तरच हा परिणाम साधला असता. तशी ती कोठेही राबविली गेली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर बुनियादी शिक्षण हा प्राथमिक शिक्षणाचा राष्ट्रीय नमुना म्हणून स्वीकारला गेला. सर्व शाळा एकदम बदलता येत नसल्याने साध्या शाळांना ‘बुनियादी वळण’ देण्याचा कार्यक्रम आला. त्यात शाळेला टकळ्या, थोडा कापूस आणि बागकामाची अवजारे मिळत. शिक्षकाला समवायाचे प्रशिक्षण क्वचितच पुरेसे मिळे. हस्तोद्योगाचा तास एकीकडे आणि पाठ्यपुस्तकांचे तास दुसरीकडे, अशी विभागणी पुन्हा झाली. वार्षिक परीक्षा पाठ्यपुस्तकावरच होत असल्याने कोणत्या तासाला महत्त्व द्यावे, हे शिक्षकांना कोणी सांगावे लागले नाही. दर्शनातील परिभाषेत बोलायचे तर समवायाच्या जागी नुसता संयोग आला. १९५९ साली हिंदुस्तानी तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) कोणत्याही एका टप्प्याला ‘बुनियादी’ म्हणू नये, तर उत्पादक काम, त्याचा अभ्यासक्रमाशी संबंध आणि स्थानिक समाजाशी संपर्क ही तिची तत्त्वे शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर न्यावीत, असे सुचविले आणि ‘कार्यानुभव’ ही संज्ञा पुढे आणली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा विषय सुचविला. महाराष्ट्राच्या वेळापत्रकात कार्यानुभव स्थिरावला तो बहुतेक ठिकाणी कागदकाम, शिवण आणि शोभेच्या वस्तू या रूपात.

सरकारी चौकटीबाहेर, आणि नेहमी नई तालीमचे नाव न घेता, महाराष्ट्रात कृतियुक्त शिक्षणाचे इतर प्रयोग झाले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालवाडी व शाळा चालविल्या. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच भरणारी ‘कुरणशाळा’ ही त्यांची कल्पना विशेष प्रसिद्ध आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात माध्यमिक विद्यार्थी वेल्डिंग, शेती, वीज व अन्नप्रक्रिया यांतून तंत्रज्ञान शिकतात. कोल्हापूरचे सृजन आनंद विद्यालय (लीला पाटील, १९८५), फलटणचे कमला निंबकर बालभवन आणि पुण्याचे अक्षरनंदन या शाळांनीही प्राथमिक वर्गांत अनुभवातून शिकण्यावर भर दिला.

सेवाग्राम येथे नई तालीम समितीने २००५ साली ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. शेती, स्वयंपाक, कताई व मातीकाम यांना तेथे वेळापत्रकात स्थान आहे. वाफ्याचे क्षेत्रफळ, बियाण्याचे प्रमाण, पिकाचा जमाखर्च हे गणिताचे विषय होतात. राज्याचा अभ्यासक्रम शाळेला पूर्ण करावा लागतो, त्यामुळे उत्पादनातून खर्च काढण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही. जुन्या योजनेतील शैक्षणिक अर्धा भाग तेवढा चालविला जातो.

कायदा व अभ्यासक्रम

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने उत्पादक काम हे शिकण्याचे माध्यम व्हावे, ही भूमिका पुन्हा घेतली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध व संशोधन यांद्वारे शिकण्याचा उल्लेख आहे. त्यानुसार महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिके, उपक्रम व प्रकल्प यांचा समावेश झाला. पहिली-दुसरीत या आकारिक भागाला ७० टक्के भारांश होता; तो उतरत जाऊन सातवी-आठवीत ४० टक्के राहिला. वर्षभराच्या कामाची नोंद गुणपत्रकात येण्याची ही पहिलीच मोठी व्यवस्था होती. नोंदवह्यांचा भार मात्र शिक्षकांवरच आला.

२०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांचे काम राज्यभरातील शिक्षकांनी जाऊन पाहिले. मणी, काड्यांचे गठ्ठे, फरशीवर आखलेल्या संख्यारेषा व तक्ते यांच्या साहाय्याने मुले स्वतः शिकतात, हा त्या कामाचा गाभा होता. येथील साहित्य शिकण्यासाठीच बनविलेले असते. त्यातून बाजारात जाईल अशी वस्तू तयार होत नाही. मूलोद्योग आणि अलीकडचा ‘ज्ञानरचनावाद’ यांत हा मूलभूत फरक आहे, जरी दोन्हींना सरसकट कृतियुक्त शिक्षण म्हटले जात असले तरी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची तरतूद आहे.

बुलढाणा जिल्हा व चिखली परिसर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. १ मे १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. चिखली हे घाटावरच्या भागातील तालुक्याचे ठिकाण आहे. कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा ही परिसरातील परिचित पिके आहेत. पैनगंगा नदी याच जिल्ह्यात उगम पावते आणि बेसाल्ट खडकात उल्काघाताने तयार झालेले लोणार सरोवरही याच जिल्ह्यात आहे. इयत्ता तिसरीचे परिसर अभ्यासाचे पाठ्यपुस्तक ‘बालभारती’ने जिल्हावार काढले, त्यामुळे येथील मुलांच्या हाती बुलढाणा जिल्ह्याचे स्वतंत्र पुस्तक आले.

समवायाच्या दृष्टीने परिसरातील साधनांत आता फरक पडला आहे. टकळीचे सूत गावाच्या अर्थव्यवहारातून गेले. सोयाबीन १९३७ च्या अभ्यासक्रमाच्या कल्पनेतही नव्हते. पण मूळ कसोटी उद्योगाच्या नावाची नाही, त्यातील शैक्षणिक शक्यतांची आहे. सोयाबीनची उगवणक्षमता तपासण्यासाठी गोणपाटात शंभर बिया ओलसर गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी उगवलेल्या मोजतात. शेतकऱ्याच्या घरी पेरणीपूर्वी होणारी ही कृती पाचवीच्या वर्गात शेकडेवारीचा धडा होऊ शकते, आणि येणाऱ्या उत्तरावर एकरी किती बियाणे घ्यायचे हे ठरत असल्याने त्या शेकडेवारीला घरी विचारणारे कोणीतरी असते. पावसाची दररोजची नोंद, आठवडी बाजारातील भावांचा तक्ता, शाळेच्या पोषण आहारासाठी लागणारे धान्य व परसबागेतील भाजी यांचा हिशेब ही त्याच जातीची उदाहरणे होत.

शालेय पोषण आहार योजनेशी जोडलेल्या परसबागा राज्यातील अनेक जिल्हा परिषद शाळांत आहेत. २०२४ मध्ये राज्य शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला असून त्यात आठवड्यातील एक दिवस कृती, कला व जीवनकौशल्यांसाठी राखला आहे.